वारीच्या फोटोखाली नाव कुणाचे?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आषाढीच्या आगेमागे बहुतेक मराठी वृत्तपत्रे वारीचे फोटो पानपानभर छापतात. काही स्पर्धा घेतात, पुढे प्रदर्शनही भरवतात. फोटो चांगले असतात, छपाईही हल्ली चांगली असते. आमची तक्रार फोटोखालच्या ओळीविषयी आहे. ‘विठूनामात दंग वारकरी’, ‘भक्तीत तल्लीन झालेली आजी’, ‘वैष्णवांचा मेळा’. शेजारी छायाचित्रकाराचे नाव. जिचा चेहरा अर्धे पान व्यापतो त्या आजीला नाव नाही, गाव नाही, दिंडी नाही. उपसंपादकाला दोष देण्यात अर्थ नाही. ती माहिती फोटोबरोबर आलेलीच नसते. का आलेली नसते, हे पुष्कळदा फोटो कोणत्या लेन्सने काढला त्यावरून कळते.

हिशेब सरळ आहे. लेन्सचा मिमीचा आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते. फुल फ्रेम कॅमेरा (ज्याचा सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असतो) उभा धरून एक माणूस डोक्यापासून पायापर्यंत, थोडी जागा सोडून बसवायचा असेल, तर ३५ मिमी लेन्सने त्याच्यापासून पावणेदोन मीटरवर उभे राहावे लागते, म्हणजे जेमतेम सहा फुटांवर. ५० मिमीने आठ-साडेआठ फूट. २०० मिमीने १० मीटर, म्हणजे ३३ फूट. सहा फुटांवरून ‘माऊली, गाव कोणतं?’ असे साध्या आवाजात विचारता येते आणि उत्तरही ऐकू येते. टाळ-मृदंगाच्या गजरात ३३ फुटांवरून काहीच विचारता येत नाही. फोटो काढून झाल्यावर माणूस दिंडीबरोबर पुढे निघून जातो आणि फोटो निनावी राहतो. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिमीच्या तोडीचा असतो, म्हणजे तो फोटो काढणाऱ्याला सव्वा मीटरवर आणतो. त्यामुळे मोबाइलवाल्याला निदान बोलावे तरी लागते, अर्थात त्याने बोटांनी झूम केले नाही तर.

टेलिफोटोला, म्हणजे लांब लेन्सला, आमचा सरसकट विरोध नाही. दिवे घाटातली वळणे एकावर एक रचल्यासारखी दिसायला लांब लेन्सच हवी, आणि तिथे कुणा एकाचा चेहरा नसतोच. (तिथे त्रास वेगळा. चांगल्या कोनासाठी उतारावर चढलेल्यांच्या पायाखालून सुटलेले दगड खाली रस्त्यावर येतात, आणि रस्त्यावर माणसे चालत असतात.) प्रश्न चेहऱ्याचा आहे. नीरेकाठी किंवा चंद्रभागेच्या वाळवंटात अंघोळ करणाऱ्या, लुगडे बदलणाऱ्या बायकांचे फोटो जवळजवळ नेहमी लांब लेन्सने काढलेले असतात. कारण उघड आहे. तोच फोटो ३५ मिमीने काढायचा तर सहा फुटांवर जाऊन उभे राहावे लागेल, आणि तिथे कुणी उभे राहू देणार नाही. जवळून काढायची हिंमत होत नाही तो फोटो लांबून काढू नये, एवढी कसोटी आम्हाला पुरेशी वाटते. रस्त्याकडेला झोपलेल्या वारकऱ्यांनाही तीच लागू.

जवळ जायचे कसे, हे नवख्यांना कुणी सांगत नाही. दिंडीत कडेने शिरावे. वीणेकरी आणि टाळकरी यांच्या मधून आडवे जाऊ नये, त्याने दिंडी तुटते आणि मग चोपदाराचा राग योग्यच असतो. आधी विणेकऱ्याला किंवा दिंडीप्रमुखाला नमस्कार करून सांगावे. कॅमेरा बॅगेत दडवून ठेवू नये, छातीवर सगळ्यांना दिसेल असा लटकू द्यावा आणि किलोमीटरभर नुसते बरोबर चालावे. पहिली दहा मिनिटे सगळे कॅमेऱ्याकडे बघतात, हसतात, टोपी सारखी करतात. तेवढ्यात काढायचेच असेल तर त्यांना हवा तसा, सगळ्यांचा मिळून एक फोटो काढावा आणि दाखवावा. त्यानंतर अभंग सुरू होतो आणि कॅमेऱ्याकडे कुणाचे लक्ष राहत नाही. खरे काम तिथून सुरू होते.

त्या वेळी फोकसशी झटापट करत बसलात तर हातचे जाते. चालत्या गर्दीत ऑटोफोकस पुढच्या पताकेवर किंवा टाळावर जाऊन बसतो. जुना उपाय आजही चालतो. ३५ मिमी लेन्स, लेन्सचे छिद्र एफ/८ इतके लहान, फोकस हाताने अडीच मीटरवर नेऊन ठेवायचा. फुल फ्रेमवर साधारण १.७ ते ४.९ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे रेखीव येते. २८ मिमी असेल तर दोन मीटरवर लावावा, सव्वा ते पाच मीटर मिळते. फोकसच्या कडीवर त्या जागी चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला की न बघता बोटाला कळते. चालणाऱ्या माणसाला शटर १/२५०, पावली किंवा फुगडीला १/५००. पावसाळी ढगात यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० ते १६०० लागतो; तो कॅमेऱ्यावर सोडावा, वरची मर्यादा ६४०० ठेवावी.

एक्स्पोजरचे, म्हणजे चित्र किती उजळ यावे याचे, मात्र कॅमेऱ्यावर सोडू नये. वारीत चौकट पांढऱ्याने भरते. टोपी, सदरा, धोतर. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक त्या पांढऱ्याला करडे करायला बघतो आणि टोपीखालचा सावळा चेहरा काळवंडतो. ढगाळ हवेत दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवून घ्यावे. कडक उन्हात टोपीचे पांढरे थोडे भाजले तर भाजू द्यावे. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) त्यातले बरेचसे परत आणता येते. अंधारात बुडालेला चेहरा उचलायला गेले की दाणेदार आणि चिखलासारखा होतो. सदऱ्याच्या घड्या राखण्यासाठी माणसाचा चेहरा घालवलेले फोटो आपल्याही पुरवण्यांत पुष्कळ असतात.

रिंगणाबद्दल स्वतंत्र लिहायला हवे, कारण तिथे प्रश्न शिष्टाचाराचा नसून हाडे मोडण्याचा आहे. चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण, सदाशिवनगरला माऊलींचे गोल रिंगण, बेलवाडीला तुकोबांचे. प्रत्येक ठिकाणी अश्वाच्या वाटेलगत आडवे पडलेले छायाचित्रकार दिसतात. टाचांमागे उडणारी माती खालून चांगली दिसते म्हणून बहुतेकांकडे वाइड लेन्स असते. वाइड लेन्स जवळची वस्तू लांब भासवते. २४ मिमीमधून आठ मीटरवरचा घोडा स्वारासकट चौकटीच्या उंचीचा जेमतेम एक तृतीयांश दिसतो. बघणाऱ्याला वाटते अजून अवकाश आहे. ताशी ३० किलोमीटरने दौडणारा घोडा सेकंदाला आठ मीटरहून जास्त कापतो, म्हणजे अवकाश एका सेकंदाचा आहे. शिवाय स्वाराच्या अश्वाबरोबर धावणाऱ्या माऊलींच्या अश्वावर कुणी बसलेले नसते. ऐन वेळी लगाम खेचायला तिथे कुणी नाही. दोराच्या बाहेर बसून, आडवे न पडता, दुसरा डोळा उघडा ठेवून, १/१००० किंवा त्याहून वेगवान शटरने काढावे. फ्लॅश अजिबात नको. दौड संपताच वारकरी टापांखालची माती कपाळी लावायला धावतात. त्या वाटेत तिवई (ट्रायपॉड) रोवून ठेवणाऱ्याला काय म्हणावे?

आता मूक शटरची गोष्ट. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर आल्यापासून फोटो निघाल्याचा आवाजच येत नाही. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला की एवढा मोठा तळ चिडीचूप होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. तिथे आरशाच्या कॅमेऱ्याची खटखट खरोखर त्रासदायक होती, तिथे मूक शटर वापरावे. पण रस्त्यात, दोन फुटांवरच्या माणसाला ‘आपला फोटो निघाला’ हे कळण्याची त्या आवाजाखेरीज दुसरी सोय नसते. आवाज आला की तो मान वळवतो. हसतो किंवा हात आडवा करतो. आवाज बंद केला की हे दोन्ही बंद होते. तांत्रिक तोटेही आहेत. महागडे काही कॅमेरे सोडले तर इलेक्ट्रॉनिक शटर संपूर्ण चित्र वाचायला १/२० ते १/६० सेकंद घेते, त्यामुळे धावत्या घोड्याचे पाय तिरके होतात. कीर्तनाच्या मंडपात एलईडी दिव्यांखाली चित्रावर काळपट पट्टे येतात, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला शंभरदा मिचकतात. तिथे यांत्रिक शटर आणि १/५० किंवा १/१०० हेच चालते.

कॅमेरा कसा धरला जातो यानेही समोरच्याचे वागणे बदलते. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला वापरत त्या रोलीफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यात वरून काचेत बघावे लागे. छायाचित्रकाराची मान खाली, कॅमेरा पोटाशी. चेहऱ्यावर काही रोखल्यासारखे वाटत नसे आणि मान वर केली की लगेच नजरानजर होई. काचेत डावे-उजवे उलटे दिसे, तेवढी सवय करावी लागे. आजच्या कॅमेऱ्याची मागची पाटी वर उचलून छातीशी धरले की तीच सोय मिळते, आणि डावे-उजवेही सरळ राहते. ज्येष्ठ बायकांचे फोटो काढताना याचा फरक लगेच जाणवतो.

उपकरणांची निगा हाही याच विषयाचा भाग आहे, कारण हात यंत्रात अडकले की नजर माणसांवरून उडते. जेजुरीत भंडारा उधळला जातो. हळदीची ही पूड अतिशय बारीक असते, झूमच्या कडीत आणि बटणांच्या फटींत शिरते. लांब-आखूड होणारी झूम लेन्स हवेबरोबर ती आत ओढते, म्हणून त्या दिवशी न हलणारी एकच लेन्स लावावी आणि गर्दीत बदलू नये. साफ करताना पहिली चूक ओल्या कापडाची होते: हळद भिजून लेप होतो आणि फटीत घट्ट बसतो. आधी कॅमेरा उपडा धरून रबरी ब्लोअर, मग मऊ कोरडा ब्रश, मग कोरडे कापड, आणि ओले सगळ्यात शेवटी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार काचेवर बसतात. पट्ट्यावर राहिलेला पिवळा डाग दोन-चार दिवस उन्हात ठेवला की बराच उडतो.

पावसात साधी प्लॅस्टिकची पिशवी, तळाला लेन्सएवढे भोक आणि हूडवर रबरबँड, हे महागड्या आवरणाइतकेच काम करते. आत पाणी गेले असा संशय आला तर ‘चालतो का बघू’ म्हणून बटण दाबू नये. कॅमेरा बिघडतो तो बहुधा त्याच क्षणी, शॉर्टसर्किटने. बॅटरी आणि कार्ड काढावे, बाहेरून पंच्याने टिपावे, लेन्स वेगळी करून दोन्ही वस्तू पावशेर सिलिका जेलबरोबर बंद डब्यात एक-दोन दिवस ठेवाव्यात. तांदळात पुरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि पिठूळ धूळ मात्र आत सोडतो. हेअर ड्रायरने ओल आणखी आत ढकलली जाते.

बुरशीने होणारे नुकसान वारीत कळत नाही, ते दिवाळीत कळते. परत आल्यावर दमट बॅग तशीच कपाटात किंवा माळ्यावर जाते. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. पुढे ते काचेवरचा लेपही खातात, मग सफाई करूनही डाग जात नाही. लेन्सचे छिद्र पूर्ण उघडून मागून तिरका टॉर्च मारला की धागे दिसतात. अशी लेन्स इतरांपासून वेगळी ठेवावी. उपाय फार खर्चिक नाही. घट्ट झाकणाचा दहा लिटरचा डबा, दोनशे ग्रॅम सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. फार खाली गेला तर रबर आणि वंगण सुकते. निळे जेल ओल पिऊन गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरता येते. निळ्यात कोबाल्टचे क्षार असतात, म्हणून स्वयंपाकाच्या ओव्हनसाठी नारिंगी रंगाचे घेतलेले बरे.

आता पुन्हा नावाकडे.

१९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो येथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी एका आईचे तिच्या मुलांसह मोजकेच फोटो काढले. त्यातला एक जगभर गेला. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. कुटुंबाने गाडीचे टायर विकून अन्न घेतले, ही त्यांनी लिहिलेली हकिकत पुढे कुटुंबीयांनी नाकारली. फोटो सरकारी कामासाठी काढलेला असल्याने कुणालाही फुकट छापता येत होता आणि त्या बाईला त्यातून काही मिळाले नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव लोकांना कळले ते १९७८ मध्ये, तिने मोडेस्टोच्या स्थानिक वृत्तपत्राला आपली नाराजी कळवल्यावर. बेचाळीस वर्षांनी, आणि तेही वृत्तपत्राच्या टपालातून. लँग यांची आस्था खोटी नव्हती, त्यांचे इतर काम बघितले की ते पटते. नाव विचारायचे तेवढे राहिले.

वारीत नाव विचारणे त्या मानाने फार सोपे आहे, कारण बहुतेक वारकरी कुठल्या ना कुठल्या दिंडीबरोबर चालतात. पद्धत अशी: दिंडीत शिरताच पहिला फोटो तिच्या फलकाचा किंवा ट्रकवरच्या पाटीचा काढावा. नुसता क्रमांक पुरत नाही. रथापुढची आणि रथामागची अशा दोन्हीकडे तोच क्रमांक असू शकतो, आणि पालखी माऊलींची की तुकोबांची हेही लिहावे लागते. मग ज्याचा फोटो काढला त्याचे नाव, गाव, तालुका मोबाइलवर त्याच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करावे. पावसात वही भिजते, आणि ऐकून लिहिलेली आडनावे हमखास चुकतात. तालुका सोडू नये, एकाच नावाची गावे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बायका पुष्कळदा ‘अमक्याची आई’ एवढेच सांगतात. पुन्हा विचारले की स्वतःचे नाव सांगतात, आणि दुसऱ्यांदा विचारल्याचे त्यांना बरेही वाटते. रात्री मुक्कामी ही माहिती फाइलच्या कॅप्शनच्या रकान्यात भरून टाकावी. चार दिवसांनी ती कुणालाच आठवत नाही.

फोटो परत देणे याच कामात येते. दिंडीप्रमुखाचा नंबर घ्यावा, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, नाहीतर तो आकुंचन पावतो आणि गावातल्या स्टुडिओत छापायला दिला की धूसर येतो. चार बाय सहा इंचाच्या छापील प्रतीला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. छापून पाठवणार असाल तर लॅमिनेट करून पाठवावी, पत्र्याच्या घरात पावसाळ्यात साधा कागद चिकटतो. पैसे देऊ नयेत. वारकरी बहुधा घेतही नाहीत, आणि एकाला दिले की पुढच्या मुक्कामापासून फोटोला भाव लागतो. वासुदेव, बहुरूपी यांची गोष्ट वेगळी. ती त्यांची कला आहे, दक्षिणा द्यावी.

कायद्याने काय होते तेही पाहावे. स्वतंत्र छायाचित्रकाराने काढलेल्या फोटोचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, त्याचाच. तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. फोटोतल्या माणसाला त्यात वाटा नाही. छायाचित्रांचा व्यापार करणाऱ्या संस्था जाहिरातीसाठीचा फोटो घेताना त्यातल्या माणसाची लेखी संमती मागतात. बातमीसाठी ती लागत नाही, आणि लागूही नये, नाहीतर रस्त्यावरचे छायाचित्रणच बंद पडेल. पण मग नाव छापण्याची जबाबदारी आणखी वाढते.

म्हणून आपल्याला विनंती आहे. कार्तिकीला स्पर्धा घेणार असाल तर प्रवेशिकेत चेहरा स्पष्ट असलेल्या फोटोसाठी नाव, गाव, तालुका, दिंडी हे रकाने सक्तीचे करा. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारले की नाही, तेही लिहून घ्या. अंघोळ, कपडे बदलणे आणि झोप यांचे फोटो परीक्षकांपर्यंत जाऊच देऊ नका. अंतिम फेरीतल्या फोटोची मूळ फाइल आणि तिच्या आधीचे-नंतरचे पाच-पाच फोटो मागवा. सात-आठ जणांनी एकाच आजीला तुळस घेऊन पुन्हा पुन्हा मागे जाऊन यायला लावले असेल, तर ते त्या दहा फोटोंत दिसते. भेगाळलेल्या टाचांच्या क्लोज-अपला दोन-तीन वर्षे सुट्टी दिली तरी चालेल. आणि बक्षीसपात्र फोटो छापून आला की त्या दिवसाचा अंक फोटोतल्या माणसाच्या पत्त्यावर टपालाने पाठवा. पत्ता प्रवेशिकेतच असेल.

कळावे,

आपले,
वारीत काम करणारे आणि शिकवणारे काही छायाचित्रकार, पुणे